टपालफेरी सोपवताना

चाव्या घे, ब्रायडी. दुसरा गिअर अडकतो,
शिव्या घातल्या की पडतो.
पेट्यांचा क्रम आठवड्यात पाठ होईल.
सीटखाली आहे ते मात्र कुठल्याच यादीत नाही:
जाड हातमोजे, टॉर्च, गुलाबी रंगाचा स्प्रे,
बोथट कात्री, सेफ्टी पिना,
आणि उशीचे दोन अभ्रे, नुसत्या पाण्यात धुतलेले,
साबणाचा वास त्यांना सोसत नाही.

टास्मानियात रात्री डांबर उबदार असतं
आणि कडेचं गवत कोवळं.
पहाटे साडेचारला निघशील तेव्हा
रात्रीचा हिशेब रस्त्यावर पडलेला असेल:
पॉसम, पॅडीमेलन, कधी एखादा वॉम्बॅट,
सुटलेल्या पोत्यासारखा.

दरवेळी थांबणं होत नाही. माझंही झालं नाही.
थांबलीस तर आधी आरशात बघ,
मागून ओंडक्यांचे ट्रक येतात.
मग शेपटीला धरून ओढ, दहा पावलं, कुंपणापर्यंत.
रात्री डेव्हिल येतो जेवायला,
काळा, बुटका, हाडं कडाकडा फोडणारा,
आणि पंगत रस्त्यात बसली
तर पुढचं पान त्याचंच वाढलं जातं.

मादी असेल तर पिशवीत हात घाल.
गार अंगात तेवढीच जागा ऊब धरून असते.
पहिल्यांदा मी कुंपणाला धरून ओकले होते.
बिनकेसांचं काही लागलं तर ओढू नकोस,
त्याचं तोंड आईला चिकटलेलं असतं.
स्तनच बुडाशी काप, पिनेनं अभ्र्याला टोच,
म्हणजे ते गिळणार नाही.
मग थर्झाला फोन.
ती हॅलो म्हणत नाही, किती ग्रॅम, एवढंच विचारते.

झालं की पाठीवर गुलाबी फुली:
पाहिलंय, मागच्यानं थांबू नये.
आणि नोंद. कुठला पूल, कुठली जात, नर की मादी.
होबार्टला एक मुलगी नकाशावर ठिपके देत बसते,
तिला खालचा जबडाही हवा असतो, दातांवरून वय कळतं म्हणे.
माझ्या फ्रीझरमधला आइस्क्रीमचा डबा
पाहुण्यांसमोर उघडायचा नाही.

एकोणीस नंबरची पेटी ॲम्ब्रोज हर्डची.
त्याला वॉलबीच्या पाठीची मूठभर लव लागते,
आकड्यावर बांधून तो खोटी माशी करतो
आणि तळ्यातला ट्राउट खरी समजून गिळतो.
नाताळात पेटीत एक मासा ठेवतो माझ्यासाठी,
ओल्या वर्तमानपत्रात, वीजबिलाला टेकवून.

आता एक सांगते, मग जा.
गेल्या जूनमध्ये, लाकडी पुलाच्या अलीकडे, वॉलबी.
पिशवी रिकामी. उठणार, तेवढ्यात टॉर्चमध्ये दिसलं:
चारांतला एक स्तन बोटाएवढा लांब, ओलसर.
म्हणजे पिणारं कुणीतरी होतं,
पायांवर उभं, कुठेतरी झुडपात,
बहुधा माझ्याकडेच बघत.

चाळीस मिनिटं शोधलं. गाडीत लोकांची औषधं होती.
तिला तिथेच गवतात ठेवलं, फुली मारली नाही,
आणि सगळी फेरी उशिरा केली, बोलणी खात.
साडेचारला, अंधारताना, परत आले.
ते तिच्यापाशी होतं.
गार पिशवीत डोकं घालायचं,
काढायचं,
पुन्हा घालायचं.

मी गुडघ्यांवर गेले, वीसेक पावलांना अर्धा तास.
अभ्र्याचं तोंड उघडून जमिनीलगत धरलं.
दोन उड्या, आणि कोलांटी खाऊन आत,
पाय वर, शेपटी बाहेर.
किती ग्रॅम, थर्झानं विचारलं.
मला आकडा वाचताच येईना.

हर्डचं रजिस्टर पत्र त्या गडबडीत माझ्याकडेच राहिलं.
दुसऱ्या दिवशी दिलं. उशीर का, त्यानं विचारलं नाही.
माझ्या बाहीवरची लव चिमटीत घेतली,
चष्मा कपाळावर सारून उजेडात धरली
आणि म्हणाला, ही फार कोवळी आहे,
हिची माशी व्हायची नाही.
मग जपून, होती तिथेच
परत चिकटवली.